उन्हात वाळत घातलेला कम्प्युटर

माझ्या पायाला तेव्हा भिंगरी होती. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. डिप्लोमा घेऊन हिंगणघाटला घरी परत आलो त्याला चार महिने झाले होते आणि तेवढ्या काळात मी धड एका जागी बसून जेवलोही नव्हतो. "बूड टेकव ना जरा," आई म्हणायची. टेकवायचो, दोन घास खायचो, की पुन्हा समोरच्या खोलीत. तिथं टेबलावर मी कम्प्युटर बांधत होतो.

गावात तेव्हा रंगीत पडद्याचे कम्प्युटर नुकतेच यायला लागले होते. टायपिंगच्या क्लासवाल्यांनी रातोरात पाट्या बदलल्या होत्या. माझा तसला नव्हता. माझा पंधरा-वीस वर्षं जुन्या धाटणीचा. झेड-८० प्रोसेसर, चिमूटभर मेमरी, पडद्याच्या जागी कॅल्क्युलेटरसारखे सहा लाल आकडे आणि सोळा बटणं. एकूण एक तार मी हातानं सोल्डर केलेली. लोक यायचे, वाकून पाहायचे आणि विचारायचे, "यात पिक्चर दिसते का?" नाही दिसत. "गाणे?" नाही. "मंग काऊन करून राह्यला बापा हे?" इथं माझं डोकं सटकायचं. अरे, बाजारातला कम्प्युटर डब्यात बंद असतो! मला तो उघडा पाहायचा होता. कुठली तार कुठून निघते, कुठं जाते, बटण दाबल्यावर आत नक्की काय होतं. ते कळल्याशिवाय जिवाला चैन पडत नव्हती, बस. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

बाबांचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान होतं आणि त्यांना मी तिथं हवा होतो. मला पुण्याला जायचं होतं. रोज जेवताना भांडणं. शेवटी एक दिवस त्यांनी ताट बाजूला सारलं आणि मुदतच दिली. "दसऱ्याले हे चालवून दाखव. चाललं तर जा पुण्याले, मी अडवत नाई. नाई चाललं तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडाले तू. मंजूर?" मी तावातावानं मंजूर म्हटलं.

कम्प्युटरनं काय करायचं ते एका चिपमध्ये भरून ठेवावं लागतं. ते भरायचं यंत्र वर्ध्याला होतं, मी शिकलो तिथल्या प्रयोगशाळेत. तिथल्या सरांनी चिप भरून दिली. या चिपच्या पाठीवर इवलीशी गोल काच असते. सरांनी तिच्यावर काळी पट्टी चिकटवली आणि बजावलं, "ही पट्टी काढू नको. उजेड लागला तर लिहिलेलं पुसलं जाते."

परतीच्या बसनं गाव सोडायच्या आत मी ती नखानं उचकटली होती. काचेतून आतल्या केसाएवढ्या सोनेरी तारा दिसतात हो! शेजारी बसलेल्या काकांना दाखवल्या. घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवल्या. पट्टीचा चिकटपणा गेला, ती कुठं पडली देव जाणे. पुसायला खास दिवा लागतो असं मी वाचलं होतं. आपल्या घरात कुठला तसला दिवा, म्हणून मी निर्धास्त.

भाद्रपदातल्या दमटपणानं मात्र माझा अंत पाहिला. यंत्र एकदा सुरळीत एकपासून नऊपर्यंत मोजायचं, पुढच्या वेळी तिनावरच अडून बसायचं. मी सायकल काढायचो, वेणा नदीच्या पुलापर्यंत जायचो, तिथं दोन मिनिटंही थांबवत नसे, परत यायचो. परत तीनच. मग एका सकाळी आई गच्चीवर तुरीची डाळ वाळत घालताना दिसली आणि माझ्या डोक्यात आलं, ओल धरलीय, दुसरं काय! मी सूप घेतलं, त्यात बोर्ड ठेवला, कावळ्यांसाठी वर जुनी मच्छरदाणी टाकली.

आई म्हणाली, "अबे, हे कुलर-पंख्यासारखं सामान. उन्हानं बिघडन नं?"

"तुला काय कळते यातलं? तू तुझी डाळ पाह्य."

दोन दिवसांनी लावून पाहिलं तर धडाधड चाललं. एक ते नऊ, नऊ ते एक. मी एकटाच खोलीत नाचलो. मग मात्र भीती वाटायला लागली. आता चालतंय, पुन्हा पुन्हा लावून बिघडवायचं कशाला? दसऱ्याला अजून बारा-तेरा दिवस होते. मी ते लावायचं सोडून दिलं आणि रोज सकाळी गच्चीवर उन्हात ठेवायचो, दिवेलागणीला खाली आणायचो.

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. आईनं विळी, शिलाई मशीन, बाबांचे पाने-पक्कड पाटावर मांडले. माझा बोर्डही तिनंच आणून त्यांच्यात ठेवला. फुलानं पाणी शिंपडलं, ओल्या कुंकवाचं बोट चिपवर टेकवलं, वर झेंडू. मी तेव्हा आंघोळीला गेलो होतो.

बाबा दुकानातली पूजा आटोपून आले ते शेजारच्या दोन दुकानदारांना घेऊनच. "लाव," म्हणाले. मी लावलं. सहा आकड्यांपैकी एकाची एक आडवी दांडी पेटली, बाकी काही नाही. बंद केलं, चालू केलं. तीच दांडी. मग माझी नजर त्या लाल ओघळावर गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणी लावलं हे? पाणी शिंपडलं यावर? सत्यानाश केला आई तू! चार महिन्यांचं वाटोळं केलं!" पाहुण्यांसमोर मी ओरडत होतो. आई पदरानं तो बोर्ड पुसत होती. ते दिसत असूनही मी थांबलो नाही.

बाबा काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माह्या हातून झालं. त्याचं काई चुकलं नाई. त्याले दिवाळीपर्यंत टाइम द्या."

बाबांनी दुकानदारांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "ठीक आहे. दिवाळी."

दोन दिवसांनी वर्ध्याला गेलो. सरांनी चिप यंत्रात घातली आणि हसलेच. "अरे, ही कोरी आहे. पट्टी कुठाय?" मी म्हटलं, पडली. "उन्हात गिन्हात ठेवली होती का? आठ-दहा दिवसांचं ऊनही पुरते हिले." मला तोंडात मारल्यासारखं झालं. सरांनी दहा मिनिटांत चिप पुन्हा भरली. सोबत आणलेल्या बोर्डात मी ती तिथंच बसवली. एक, दोन, तीन, चार. कुंकवानं काहीच झालं नव्हतं.

बसमध्ये मी वाक्य जुळवत आलो. आई, तुझं चुकलं नाही, माझं चुकलं. पण मग दिवाळीची मुदत कशाला? मुदत मिळाली होती ती तिच्या चुकीवर. दारातच बाबा भेटले. "काय निघालं?" त्यांच्या मागं आई उभी होती. "ते कुंकवाचंच होतं नं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. हो.

त्याच दिवशी बाबांनी स्वतः बटणं दाबून पाहिली, दोन्ही दुकानदारांना बोलावलं. "अवो, ये, पाह्य तुह्या पोराचं," त्यांनी हाक मारली. आई स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आली नाही. "नाई बाप्पा, मी इथूनच पाह्यते."

दिवाळीनंतर मी पुण्याला गेलो.

पुढं घरात नवीन काही आलं की आई दोन पावलं मागं सरायची. टीव्हीचा रिमोट बाबाच दाबायचे. बाबा गेल्यावर मी तिला मोबाईल आणून दिला तर तो रुमालात गुंडाळून कपाटात. वाजला की शेजारणीला हाक. त्या शेजारणीला हौसेनं सांगायचीही, "मी ह्याचा कम्प्युटर बिघडवलता, माहीत आहे का? माह्या हातात नाई टिकत असं काई."

एका सुट्टीत मला ते ऐकवेना. तिच्या पुढ्यात जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पट्टी, गच्ची, सरांचं हसणं, दारातली माझी मान. सांगताना रडलो. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"किती वर्षं झाली त्याले. मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यला नं? कळते मले."

"आई, खरं सांगतोय."

"हो, हो."

तेवढ्यात कपाटात फोन वाजला. मी तो काढून तिच्यासमोर धरला. मावशीचा होता. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच घे," ती म्हणाली.