भाऊजींचा गार उजेड

आमच्या थोरल्या साडूंनी विजेच्या दिव्यांकडे जेवढं लक्ष दिलं, तेवढं सूर्य घडवताना देवानंही दिलं नसेल. मी त्यांना भाऊजी म्हणतो. कामठ्याला त्यांची धानाची शेती आहे, पण जीव सगळा एलईडीत. कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात, मग माणसांकडे. आमगावला पुतणीसाठी मुलगा बघायला गेलो, तेव्हा खाली त्याच्या नोकरीचं बोलणं चाललं होतं आणि भाऊजी स्टुलावर चढून यजमानांचा पिवळा बल्ब काढत होते. "पोरगा चांगला हाय," ते वरूनच म्हणाले, "पण बैठकीत चूल काऊन पेटवून ठेवली?" तरीही सोयरीक जमली, हे त्या मंडळींचं मोठेपण.

समजावून सांगायची त्यांना भारी हौस. "जुन्या बल्बात तार तापते, तापून तापून लाल होते, मंग कुठं उजेड देते. सारी वीज तापण्यातच जाते. अन् एलईडीत? वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत पडलं का आवाज होते ना? तसाच आतल्या चिपमंदी इलेक्ट्रॉन वरून खाली पडते अन् उजेड होते. तापाचं कामच नाही." बांधी म्हणजे धानाचं खाचर. चिप निळी उजळते, वरचा पिवळा लेप मिसळून उजेड पांढरा दिसतो, हे ते पंगतीत वाढप्याला थांबवून सांगतात. एखादा एलईडी बंद पडला, तर तो उघडून बोट दाखवतात, "पाहा, चिप जित्ती हाय. मेला तो ड्रायव्हर. गाडी खराब नाही." ड्रायव्हर म्हणजे आतलं वीज जुळवून देणारं सर्किट. पण त्यांच्या एका चुलतीनं कोणता ड्रायव्हर मेला म्हणून हळहळ व्यक्त केली होती.

तर या भाऊजींनी आख्ख्या गावातले पिवळे बल्ब काढवले आणि फक्त स्वतःच्या घरातला एक राहिला. थंडी सुरू होती. ताईच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, कोंबडीला मुंगसानं नेलं होतं आणि मागं उरलेली पिल्लं ताईनं खोक्यात ठेवून वर साठ वॅटचा बल्ब लावला होता. मी मुक्कामाला होतो. संध्याकाळी भाऊजींनी तो बल्ब काढला. त्या गडबडीत तो हातातून निसटून फुटला. "बरं झालं," म्हणत त्यांनी नऊ वॅटचा एलईडी लावला. "साठचं काम नऊमंदी. पाहा कसा लख्ख."

सकाळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झाली होती. दोन हलत नव्हती. ताई ओरडली नाही. एलईडीला हात लावून एवढंच म्हणाली, "उजेड लय झाला. यायले ऊब पायजे होती."

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांनी जिवंत पिल्लं स्वतःच्या स्वेटरात घातली आणि माझ्या मोटरसायकलवर मागं बसले. स्वेटरातून चिवचिव येत होती. फुलचूरच्या चौकातला हवालदार आमच्याकडे बघतच राहिला. गोंदियाच्या बाजारात एकाही दुकानात पिवळा बल्ब मिळेना. त्यांच्या नेहमीच्या दुकानदारानं तर हातच जोडले. "काकाजी, आप ही ने तो बोला था, ये कचरा मत रखो." भाऊजींनी मान खाली घातली. "गलती हो गई, भैया. एक तो देख." दुकानदारानं त्यांच्या हलत्या पोटाकडे पाहिलं, माळ्यावर चढला आणि धुळीनं माखलेला एक बल्ब काढून दिला.

पिल्लं वाचली. गेलेली दोन भाऊजींनी स्वतः परसात पुरली. त्या दिवशी ते कुणालाच काही समजावून सांगायला गेले नाहीत. घर इतकं शांत होतं की मलाच करमेना.

परवा पुन्हा गेलो. पिल्लं मोठी होऊन अंगणात दाणे टिपत होती. आत खोकं रिकामं होतं, तरी बल्ब चालू होता आणि ताई त्यावर हात धरून बसली होती. मी म्हटलं, "भाऊजी, पिल्लं तर बाहेर आहेत."

ते खिडकीचं दार लोटून घेत हळूच म्हणाले, "जळू दे. थंडीनं तिची बोटं दुखून राहिली."

ताईनं ऐकलं असावं. तिनं हात थोडा सरकवला, शेजारी त्यांच्यासाठी जागा केली.