अब्बासने फिरवलेला ओंडका

अब्बासला पाट्या लिहिण्याचा भारी षोक. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापायचा, त्याला पांढरा रंग द्यायचा आणि काळ्या रंगात झाडाचं नाव काढायचं. सत्तावीस साली भिसेगावात रावसाहेबांच्या बागेत माळी म्हणून लागला, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याने तुळशीलासुद्धा पाटी लावली. चौथीपर्यंत शिकल्याचं चीज दुसरीकडे होणार तरी कुठे?

बागेत भिंतीलगत आंब्याचा एक ओंडका होता. पळसदरीच्या वरच्या वाडीतल्या कोंडी ठाकरणीने जंगलात झाडांच्या अंगावर वाढणारी दोन रोपं आणून त्याच्या दोन टोकांना बांधली. एक सीतेची वेणी, दुसरी रास्ना. फुलं नसताना दोघींची पानं सारखीच, चामड्यासारखी. म्हणून अब्बासने वर भिंतीवर दोन पाट्या ठोकल्या.

पुढच्या वैशाखात 'सीतेची वेणी' या पाटीखाली फुलं आली ती तपकिरी, चौकटीचौकटीची, जांभळ्या जिभेची. वेणीचा पत्ता नाही. दुसरं रोप तर रुसूनच बसलं होतं. "ठाकरणीनं फसवलं," असं म्हणून रावसाहेबांनी कोंडीला फाटक बंद केलं. अब्बासनेही मान डोलावली. पाटी चुकेल कशी? गोष्ट कर्जतच्या बाजारात पोचली, आणि कोंडीच्या मधापासून करवंदांपर्यंत सगळ्यालाच लोक नाक मुरडू लागले.

यंदा 'रास्ना'च्या पाटीखाली हातभर लांब, दाट घोस लोंबला. अब्बास गुडघ्यांवर बसला आणि बैलाचे दात बघावेत तसं एकेक फूल उलटून बघू लागला. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी ठिपके, टोकाला वळलेला ओठ, मागे इवलीशी पिशवी. रास्नेचं यात काहीच नव्हतं. ही वेणीच. मग त्याला आठवलं, रोपं बांधली त्याच पावसाळ्यात पागोळ्या एकाच टोकावर पडतात म्हणून त्यानेच ओंडका उलटा फिरवला होता. पाट्या मात्र भिंतीवर होत्या तिथेच राहिल्या.

अब्बासने पक्कड आणली. रावसाहेब पूजेत होते, पाट्यांची अदलाबदल करायला कितीसा वेळ? एक पाटी त्याने उपटलीही. तेवढ्यात वेणीच्या मुळांआड लाल काहीतरी दिसलं. लुगड्याच्या काठाची चिंधी. कोंडीला अक्षर येत नव्हतं. बांधताना ती म्हणाली होती, "काठ बांधलाय ती वेणी, वाखाची दोरी बांधलीय ती रास्ना. इसरू नको रं, अब्बासभाय." तो साफ विसरला होता. त्याला फार लाज वाटली.

रावसाहेबांना त्याने सगळं सांगितलं, पोटभर बोलणी खाल्ली, आणि दोन फुलं नि ती उपटलेली पाटी घेऊन बाजार गाठला.

कोंडी करवंदांची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. तिने फुलाचा ओठ नखाने उचलून पाहिला.

"माजीच वेणी," ती म्हणाली.

"चूक माझी हाय, कोंडीबाय. ओंडका मीच फिरवला. रावसायबांनी बोलावलंय तुला."

"येईन. पन रावसायब माजी करवंदं घेत नाय, हे लोक घेतात. तू इथं बस नि त्यांना सांग."

अब्बास बसला. येईल त्याला फूल दाखवत, ओठ, ठिपके, पिशवी समजावत, "ओंडका मीच फिरवला" हे तो दुपारपर्यंत सांगत राहिला. लोक हसायला थांबायचे आणि करवंदं घेऊन जायचे. कोंडी करवंदं त्याच्याच पाटीवर काढून देत होती.

टोपली रिकामी झाली तसा तो कपडे झटकत उठला.

"उद्या बी ये," कोंडी म्हणाली. "उद्या जांभळं हायत."