आंब्यांच्या खोलीतली गुलाबी फुलं

कार्नेशन मरतं तेव्हा पाकळ्या गळत नाहीत. त्या आत वळतात, कडा कागदासारख्या होतात आणि उमललेलं फूल पुन्हा मिटतं. हे मी पहिल्यांदा पाहिलं चिखलोलीतल्या एका लग्नघराच्या मागच्या खोलीत, लग्नाच्या दिवशी सकाळी. सगळ्या बादल्यांतली सगळी फुलं तशी झाली होती. पाणी स्वच्छ होतं, देठ हिरवे होते. मी एक फूल बोटांनी उघडायचा प्रयत्न केला. पाकळ्या हातात आल्या.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका फूलवाल्याकडे मी सजावट शिकत होते. स्वतंत्रपणे घेतलेलं हे पहिलं काम. कुटुंब आगरी, इथलंच. घराच्या तिन्ही बाजूंना आता उंच इमारती आहेत, मधे यांचं अंगण आणि आंब्याची झाडं. लग्न त्याच अंगणात, संध्याकाळी.

नवरी कॅम्प चारमध्ये एका व्यापाऱ्याचे हिशेब बघायची. तिथल्या एका सिंधी मैत्रिणीच्या लग्नात तिने फिक्या गुलाबी कार्नेशनचा मांडव पाहिला होता. तिच्या लग्नातलं बाकी सगळं, अगदी बँडसुद्धा, काकांनी ठरवलं. तिने एकच गोष्ट मागून घेतली होती. वडिलांना झेंडू हवा होता, महिनाभर बापलेकीचा वाद चालला आणि शेवटी ते म्हणाले, "कर बाय, तुझ्या मनासारखं."

आदल्या दिवशी सकाळी फुलं आली. मे महिना, अंगणातल्या पत्र्याखाली ठेवणं शक्य नव्हतं. वडिलांनी स्वतः मागची खोली उघडून दिली. जाड भिंती, घरातली सर्वांत थंड जागा. लग्नाच्या आमरसासाठी तिथे गवतात आंब्यांची आढी घातली होती. ती त्यांनी एका बाजूला सरकवली, बादल्यांना जागा केली आणि गारवा टिकावा म्हणून दार लावून घेतलं. मला ती व्यवस्था उत्तम वाटली.

आता मी त्याच दारात उभी राहून फूलवाल्याला फोन लावला.

"पाणी दिलं होतं?"

"दिलं होतं."

"खोली में और क्या था?"

"आंबे. पिकायला घातलेले."



"मॅडम, पिकत्या फळाशेजारी कार्नेशन कोण ठेवतं? उसकी गॅस से सो जाता है. अब नहीं उठेगा."

पिकत्या फळातून वायू सुटतो, हे मला माहीत होतं. शेतीच्या पानासाठी त्यावरचा मजकूर मी संपादित केला होता. त्यात फुलांचा उल्लेख नव्हता.

तशी फुलं आता कुठेच मिळणार नव्हती. फूलवाल्याने कल्याणच्या बाजारातून झेंडूचा टेम्पो पाठवायचं कबूल केलं. उरलं होतं नवरीला सांगणं. ती आतल्या खोलीत पाटावर बसली होती, कानामागे रात्रीची हळद तशीच. आत्या तिचे केस विंचरत होती. मी जे झालं ते क्रमाने सांगितलं.

आत्याचा हात थांबला. "म्हंजे आंब्यांनी फुलं खाल्ली?"

 नवरी रडेल किंवा चिडेल, असं मी धरून चालले होते. दोन्हींसाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिने आधी दाराकडे पाहिलं.

"बाबांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"सांगू नका. खोली त्यांनी दिलीय. कळलं तर आज ते जेवणार नाहीत. आंबे उचलून टाकून देतील, कोणालाच खाऊ देणार नाहीत." मग आत्याला म्हणाली, "तू पण गप राहा हां. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मी कोणाला सांगते गो," आत्या म्हणाली आणि केस जरा जोरात ओढले.

 मी बाहेर आले. मिटलेली फुलं पोत्यांत भरली.

दुपारी वडील अंगणात आले. मांडवाचे खांब पिवळे-केशरी झाले होते. ते सगळीकडे फिरून माझ्यापाशी थांबले.

"ती गुलाबी कुठं गेली?"

खिडकीतून नवरीचा आवाज आला. "मीच बदलायला सांगितली, बाबा. झेंडूच बरा दिसतो."

त्यांनी वर पाहिलं. चेहरा हळूहळू उजळला. "मी पहिल्यापासून काय सांगत होतो?" पुढे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हे सांगितलं. पोरीने शेवटी बापाचं ऐकलं. नवरी मुंडावळ्या बांधून मांडवात आली तेव्हाही ते कोणाला तरी तेच सांगत होते. तिने मान वर केली नाही.

जेवणाच्या पंक्तीत ते आमरसाचं भांडं घेऊन फिरत होते. माझ्या वाटीत त्यांनी दोनदा वाढलं.

"घरचा आंबा आहे. तुमच्या फुलांशेजारी पिकलाय."

समोरच्या पंगतीत आत्याने मान खाली घातली. वडील पुढे सरकेनात. मी चव घेईपर्यंत उभे राहिले. मी वाटी तोंडाला लावली आणि संपवली.