मैदानाकडे पाठ

सिडनीतलं होमबुशचं स्टेडियम मला आजही डोळ्यांसमोर नको असतं. ऑलिम्पिकसाठी बांधलं, मग दोन्ही टोकांचे उंच स्टँड उतरवले, पळण्याचा ट्रॅक गेला, देशाच्या फुटबॉलचं घर झालं. दारावर कंपन्यांची नावं येतात नि जातात. हा इतिहास मला पाठ आहे, कारण सिक्युरिटीच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तो आम्हा विद्यार्थ्यांना कौतुकानं ऐकवला होता. मग जाकिटं वाटली आणि नियम सांगितला: तोंड गर्दीकडे, पाठ मैदानाकडे.

तेव्हा आपल्याकडची पोरं विमानं भरभरून शिकायला येत होती आणि मिळेल ते काम धरत होती. मी कोल्हापूरचा. माझे वडील, आण्णा, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेले. पोरगं ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या स्टेडियममध्ये फुकट मॅच बघतं, हे त्यांनी अख्ख्या तालमीला सांगून टाकलं होतं. त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

समोर हजारो लालबुंद तोंडं. "ओय, करी! मूव्ह इट!" आम्हा भारतीयांना ते 'करी' म्हणून हिणवायचे. मी दातओठ खात उभा. पाठीमागं गोल झाला की समोरचे माझ्या अंगावर बिअर उडवत नाचायचे. एकदा मान जराशी वळली, तर सुपरवायझर कानाशी येऊन खेकसला, "फेस द क्राउड, मेट!" त्याचं नरडं धरावंसं वाटलं. पण पुढची शिफ्ट हवी होती. मी मान सरळ केली.

एका रविवारी दुपारी मॅच संपल्यासंपल्या आण्णांचा फोन आला. "गोल कसा झाला रं?"

"कॉर्नर आला आणि काय हेडर मारला, आण्णा! माझ्या डोळ्यांदेखत."

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"टीव्हीवर मॅच दावली की," आण्णा म्हणाले. "फ्री किक हुती ती. सगळी तालीम हितंच बसलीया. तू सांगशील म्हणून फोन स्पीकरवर टाकला हुता."

माझं डोकं फिरलं. "ड्युटीवर मैदानाकडे पाठ करून उभा असतो मी! वळलो तर हाकलतात! झालं समाधान? ऐकवा सगळ्यांना!"

त्यांनी स्पीकर बंद केला असावा. मागचा गलका थांबला.

"आमच्यात बंदोबस्ताचा पोलीसबी वळून मॅच बघतो रं," ते हळू आवाजात म्हणाले.

त्यानंतर दर फोनला ते जेवलास का विचारायचे, अभ्यासाचं विचारायचे. फुटबॉलचा शब्द त्यांनी माझ्याशी पुन्हा कधी काढला नाही.