पेटीतल्या मुंग्या आणि सरोजताई

लग्न होऊन मुलुंडला आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी आमच्या तळमजल्याच्या घरामागच्या अंगणात मधमाश्यांची पेटी ठेवली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रीतसर शिबिर करून शिकले होते, माहेरून माश्या आणल्या होत्या... त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

आणि मुंग्या! लाल, चावऱ्या, मेल्या. पेटीच्या स्टँडचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाडग्यांत होते, म्हणजे मुंगी वर चढूच शकत नाही. तरी रोज सकाळी पेटीत मुंग्या हजर! मध खातायत, पोळ्यातल्या अळ्या ओढून नेतायत... झाकण उघडलं की रडू यायचं.

मुंग्या फार झाल्या की माश्या पेटी सोडून जातात, हे शिबिरात बजावून सांगितलं होतं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेजारच्या सरोजताई आमच्या कुंपणाला लागूनच मासे साफ करायच्या. झालं, डोकं फिरलं माझं. "तुमच्या घाणीमुळे माझ्या पेटीची वाट लागली," म्हणून भर दुपारी ओरडले, सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, पाण्यातून मुंग्या येतीलच कशा? आधी ते बघ ना."

बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीच्या खिडकीशी उभी राहिले... सासूबाई पूजेची फुलं तोडायला आल्या. प्रत्येक वाडग्याच्या काठावरून स्टँडच्या पायाला खराट्याची एकेक काडी टेकवली, मुंग्यांना पूलच. सावकाश फुलं तोडली आणि मग काड्या काढून घेतल्या. तोवर मुंग्या वर पोचल्या होत्या!

"आई, हे काय करताय?" माझा आवाज चढलाच.

"बुडान मरतत गो बापडी. माका बघवत नाय."

आणि माझ्या माश्यांचं काय? पण सासूला असं विचारायची आमच्याकडे सोय नव्हती. गिळला राग. त्याच दुपारी पेटीतल्या सगळ्या माश्या एकदम उठल्या, शेवग्यावरून गेल्या त्या गेल्याच.

सासूबाईंना पुण्य लागलं असेल तर लागो, मला आजही संताप येतो. पण त्याहून जास्त माझाच येतो. जिची चूक तिच्यापुढे मूग गिळून गप्प बसले, आणि जिची नव्हती तिच्यावर तोंड टाकलं... नंतर लाजेने माफीही मागितली नाही. मग सरोजताई घर बदलून गेल्या.

त्यांची लेक इथे फेसबुकवर माझ्या मित्रयादीत आहे. बाळा, हे आईला मोठ्याने वाचून दाखव. ओरडले होते सगळ्यांसमोर, तर हेही सगळ्यांसमोर... सरोजताई, माझं चुकलं.