अरुंधतीची हजेरी

बोईसरच्या आमच्या भाड्याच्या घराला मागे ओटा होता. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं त्या वर्षांत मी रोज जेवणाआधी तिथे उभा राहून वहीत नोंदी करत असे: कोणते ग्रह दिसले, कृत्तिकांतले किती तारे मोजता आले, कृत्रिम उपग्रह किती वाजता कुठून कुठे गेला. घड्याळ मी रेडिओच्या बातम्यांवर लावून घेई. बायको आतून विचारायची, "झाली का आभाळाची हजेरी? आज गैरहजर कोण?"

तिच्या अंगावर सूज येऊ लागली तेव्हा आम्ही पालघरच्या डॉक्टरांना दाखवलं. मूत्रपिंडं कामातून गेली होती. किती दिवस, असं मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही. परत येताना तिनेही तेच विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं.

त्या चैत्रात ती ओट्यावर आरामखुर्चीत बसू लागली. एका संध्याकाळी मासळीवाली मावशी रिकामी टोपली घेऊन घरी जाताना जरा टेकली. ईशान्येला सप्तर्षी वर आले होते. तिकडे हात करून ती म्हणाली, "ही आमची बाज, चार खुरांची. हे तीन चोर तिला ओढून नेतात. मधल्या चोराच्या कडेला बारीक चांदणी हाय. जिला ती दिसत नाय ती सा म्हयन्यांची सोबतीण." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुमी सगलं लिवता, हे पन लिवा."

बायकोचं दुखणं किती पुढे गेलंय ते मावशीला ठाऊक नव्हतं.

ती निघून गेल्यावर मी म्हटलं, असल्या समजुतींना काही आधार नाही.

"नसू दे. दिसतेय का ते तर बघू," बायको म्हणाली.

दहा संध्याकाळी तिने पाहिलं. एकदाही दिसली नाही. अकराव्या संध्याकाळी ती एकदम ताठ बसली. "दिसली. अहो, मधल्या चोराला अगदी लागून. ही काय."

मी वर पाहिलं, घड्याळात पाहिलं आणि सवयीने बोलून गेलो, "तो उपग्रह. सात बेचाळीस."

ती बघत राहिली. ठिपका पुढे सरकत गेला. मग तिने विचारलं, "तुम्हाला दिसते का अरुंधती?"

पश्चिमेचं आभाळ बांधकामाच्या दिव्यांनी फिकं झालं होतं, पण ईशान्येला काळोख होता. सबब सांगण्यासारखी नव्हती. मला मधला चोर, म्हणजे वसिष्ठ, तेवढा दिसत होता, तोही पसरट.

"नाही," मी म्हटलं.

"मग लग्नात बोट करून काय दाखवलंत?"

"भटजींनी सांगितलं तिकडे बोट केलं."

"मलाही नव्हतीच दिसली. दिसली म्हटलं. पंगत खोळंबली होती." आम्ही दोघंही हसलो. हसताना तिला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची फिरवून ठेवायला सांगितली, उत्तरेकडे पाठ येईल अशी. मी फिरवली.

उपग्रहाच्या त्या संध्याकाळपासून एकशे नवव्या दिवशी ती गेली. मावशीने सांगितलेली मुदतही पुरी झाली नाही.

दिवाळीनंतर मी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. पुढच्या चैत्रात वसिष्ठाला चिकटलेली अरुंधती स्वच्छ दिसली. तोवर बायकोचेही डोळे कधी तपासून घ्यावेत, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. चष्म्याने ती वाचली नसती, हे मला कळतं. खुर्ची मात्र फिरवावी लागली नसती.