करणीची बेरीज

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नवीनच सुरू झाली होती. त्या दहावीच्या सहामाहीत मी बीजगणितात नापास झाले. करणीच्या गणितात वर्गमूळ नऊ अधिक वर्गमूळ सोळा बरोबर वर्गमूळ पंचवीस, म्हणजे पाच, असं मी झोकात लिहिलं होतं. त्यावर फुली मारून बाईंनी लाल शाईत विचारलं होतं, ‘तीन आणि चार किती होतात?’

तो पेपर मी पिठाच्या डब्यामागं लपवला आणि वहिनीच्या हाती लागला. वहिनीला आमच्याकडं येऊन सात-आठ महिने झाले होते. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरची भाषा कानडी. आमच्यात ती ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ यापलीकडं फारसं बोलायची नाही. तिला लिहिता-वाचता येत असेल असंही मला कधी वाटलं नव्हतं.

पेपर बघून तिनं तोंडात पदर कोंबला. खांदे हलायला लागले.

“अय्यो वन्सं! करणीच्या आतल्या आत बेरीज करायची नसती की! आदी बाहेर काढायचं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आई नळावर गेली, तशी वहिनीनं माझ्याकडून पाटी मागून घेतली.

“बाराची करणी. चार त्रिक बारा. चाराचं मूळ दोन, ते बाहेर. आत काय?”

“तीन.”

“सत्तावीस?”

“नऊ त्रिक. तीन बाहेर आणि आत... परत तीनच!”

“दोगींच्या आत सारखंच, म्हंजे दोगी सरूप. आता करा बेरीज.”

दोन करणी तीन अधिक तीन करणी तीन. पाच करणी तीन! एवढंच होतं होय हे? मी टुणकन उठून उभीच राहिले. मग मला चेवच चढला. वहिनीनं संख्या सांगायची, मी ओरडायचं, “दोन निघाले बाहेर!” आणि ती विचारायची, “आत किती राहिले?”

आमची चाळ मिलची, मधली भिंत पत्र्याची. पलीकडं विड्या वळत बसलेल्या शेजारच्या मावशींनी हे सगळं ऐकलं. सूप तसंच टाकून त्या नळावर धावल्या आणि आईला म्हणाल्या, “तुमच्या पोरीवर कुणीतरी करणी केलीया! सून काढायलीय. दोन निघाले, आत अजून तीन हायत!”

आई अर्धी बादली हिंदकळवत दारात आली. मागं मावशी, एका हातात लिंबू, दुसऱ्यात मिरच्या.

“कुणी केली गं करणी?” आईनं बादली दारातच आपटली.

“बाईंनी,” मी म्हणाले. “फळ्यावर. अजून दहा घरी करायला दिल्यात.”

वहिनी भिंतीला टेकली आणि हसत हसत खाली घसरली. तिला बघून मी, मला बघून आई. मावशी तेवढ्या राहिल्या होत्या. त्यांना पाटी दाखवून वहिनीनं सांगितलं, “ह्या चिन्नाला करणी म्हणत्यात, मावशी. हिशोबातली.” मग त्याही अशा सुटल्या की डोळ्यांचं पाणी पुसायला पदर पुरेना. मिरच्या जमिनीवर सांडल्या होत्या.

“एवढं येतंय,” आईनं दम खात विचारलं, “मग शाळा का सोडलीस?”

वहिनी पाटी पुसायला लागली. “परीक्षेला आट दिवस होते, आत्याबाई. हळद लागली.”

संध्याकाळी दादा अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून आला. त्यानं सायकल टेकवायच्या आत आई म्हणाली, “हिचा दहावीचा फॉर्म भरून ये.”

“आणि घरातलं काम?”

“तू करशील की.”

दादानं वहिनीकडं बघितलं. ती पाठमोरी होती, पण कान लाल झाले होते. त्यानं फॉर्म भरला, भाकरी मात्र शेवटपर्यंत जमली नाही त्याला. त्याच्या भाकरीचे नकाशे बघून आम्ही दोघी अभ्यास सोडून लोळायचो.

बीजगणिताच्या पेपरादिवशी माझं केंद्र आधी सुटलं. मी तिच्या केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती चपला हातात घेऊन पळत आली.

“पन्नासाच्या करणीतून अठराची वजा!” लांबूनच ओरडली.

“दोन करणी दोन!” मी ओरडले.

“दोन करणी दोन!” तीही ओरडली, आणि आम्ही भर रस्त्यात फुगडी घातली. टांगेवाल्यानं टांगा थांबवला, बिचारा घोडासुद्धा बघत राहिला.

बीजगणितात तिला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त पडले. आईनं चाळीत घरोघरी पेढे वाटले. प्रत्येक दारात तिचं एकच, “सून पास झाली हो!” आणि दोन पावलं पुढं गेल्यावर मागं वळून, “व्हय, आमची पोरगीबी त्यातनं निघाली.”